उकळलेलं चालतं

लग्नाच्या पंगतीत आमच्या सरांचं पान लांबून ओळखू यायचं. डावीकडे मीठ-लिंबू, उजवीकडे भाजी आणि समोर, बरोबर वाढप्यांच्या पायात येईल अशी, स्वतःची स्टीलची बाटली. पाणी वाढणारा आला की सर पेल्यावर हात आडवा धरत. "अहो, जारचं आहे, फिल्टरचं," असं यजमान काकुळतीने म्हणाले की सर शांतपणे विचारत, "जार आतून धुतला होता का?" मुलीच्या बापाला त्या दिवशी हजार कामं. जार आतून धुतला की नाही, हे त्याला कुठून ठाऊक असणार? पण सरांनी विचारल्यावर तो बिचारा उरलेल्या पंगतीभर जारकडेच बघत राही.

सरांची नाशकात पाणी तपासायची प्रयोगशाळा होती. खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर आम्ही. एम.एस्सी. होऊन मी तिथे लागले ती बरीच वर्षं राहिले. बंगलेवाले, हॉटेलवाले, सोसायट्यांचे चेअरमन, दवाखानेवाले, सगळे आमच्याकडे पाणी घेऊन येत. लोक सोनाराकडे जाताना जसे जरा घाबरलेले असतात, तसेच आमच्याकडे येताना असत.

पाणी कशात आणायचं हे मी फोनवर घसा फोडून सांगत असे. तरी माणसं आणत ती आपल्याच मनाने. एका गृहस्थांनी शेंगदाणा तेलाच्या बाटलीतून आणलं आणि वर तक्रार केली, "आमच्या बोअरच्या पाण्यावर तवंग येतो हो." सरांनी बाटलीचा वास घेतला आणि म्हणाले, "तेल छान आहे. कुठल्या घाण्याचं?" एक काकू तांब्यातून पाणी घेऊन आल्या, त्यात तुळशीचं पान. रिक्षात हिंदकळून अशुद्ध होऊ नये म्हणून टाकलेलं. सरांनी ते पान चिमट्याने बाहेर काढलं, काकूंच्या हातावर ठेवलं आणि आमच्याकडची निर्जंतुक बाटली देऊन त्यांना परत पाठवलं. काकू जिना उतरताना बडबडत होत्या, "तुळशीला नावं ठेवणारा पहिलाच माणूस बघितला बाई."

"पाण्याला चव नसते," सर म्हणत, "चव असते ती त्यात पडलेल्या गोष्टींची." त्यामुळे "आमचं पाणी अगदी गोड आहे" असं कोणी कौतुकाने म्हणालं की सरांच्या कपाळाला आठी पडायची. बोलणाऱ्याला वाटे, ह्यांना आपलं कौतुक सहन होत नाही.

जंतूंची तपासणी करायची तर नळाची तोटी आधी आगीने निर्जंतुक करावी लागते. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा चिमट्यात धरायचा, पेटवायचा आणि तोटीभोवती फिरवायचा. एकदा पंचवटीत एका मोठ्या कुटुंबात सर हे करत होते. स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या काकूंनी बघितलं, की कोणी तरी भले गृहस्थ आपल्या नळाला ओवाळताहेत. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, आतून कुंकवाचा करंडा आणला आणि भक्तिभावाने तोटीला बोट लावलं. झालं! बोट लागल्यावर तोटी पुन्हा जाळणं आलं. सरांनी दुसरा बोळा पेटवला. काकूंना वाटलं, कुंकू राहिलं होतं म्हणूनच दुसऱ्यांदा ओवाळायला घेतलं. त्यांनी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं आणि त्यांनीही तोटीला बोटं लावली. एकाने तर घंटाही वाजवली. तिसऱ्या खेपेला सर शरण आले. सगळ्यांना हात जोडून उभं राहायला सांगितलं, तेवढ्यात बाटली भरून घेतली आणि मग स्वतःच्या बोटाने तोटीला कुंकू लावलं. निघताना पेढे मिळाले. सरांनी दोन खाल्ले. मी बघते आहे असं दिसल्यावर म्हणाले, "पेढा चालतो. आटवलेला असतो."

हे सरांचं शास्त्र होतं. उकळलेलं चालतं, आटवलेलं चालतं, तळलेलं चालतं. चहा कुठलाही चालतो, टपरीवरचा तर जास्तच चालतो, कारण तो सकाळपासून उकळत असतो. परिणामी हा माणूस लोकांकडे घोटभर पाणी पीत नसे, पण चहा मात्र जाईल तिथे ढोसत असे. पाणी पुढे आलं की त्यांच्या सबबी ठरलेल्या होत्या. "आज उपास आहे." "आत्ताच पिऊन आलो." ओळखीची माणसं हसून सोडून देत. वहिनी, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, सांगत, "आमच्या लग्नात ह्यांनी माझ्या माहेरचं पाणी घेतलं नाही. माझ्या वडिलांना वाटलं, जावई रुसला. घड्याळ देऊन झालं, अंगठी देऊन झाली, तरी पाणी पिईना. शेवटी आईने चहा दिला तर दोन कप प्यायला."

सॅम्पल घ्यायला आम्ही येणार म्हटलं की लोक घर आवरावं तशी टाकी आवरतात, हा सरांचा आणखी एक छळ होता. एका सोसायटीने आदल्या दिवशी टाकी घासून घेतली आणि ब्लीचिंग पावडर अशी ओतली की बाटली उघडताच आमच्या डोळ्यांना पाणी आलं. सर चेअरमनना म्हणाले, "हे तुम्ही आम्हाला दाखवायला ठेवलेलं पाणी आहे. रोज पिता ते द्या." तेव्हापासून सर बुधवार सांगत आणि मंगळवारी हजर होत. मग कोणी दाढी अर्धवट ठेवून दार उघडे, कोणाकडे भांडण चाललेलं असे. सरांना त्याचं काही नसे. ते दोघांच्या मधून वाट काढत नळापाशी जात.

ह्या गोष्टी मी हसत सांगते, पण एकदा ह्याच तऱ्हेपायी सरांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मोडायची वेळ आली.

मुलीने मुलगा स्वतःच पसंत केला होता. अंबडच्या एमआयडीसीत तिच्याच कंपनीत होता. गुणी, हसरा. जात वेगळी होती, त्यावर सर एवढंच म्हणाले, "त्याला काय होतंय?" आणि पेपर वाचायला लागले. मला सरांचा फार अभिमान वाटला. दिवाळीनंतर मुलाचं घर बघायला जायचं ठरलं. घर कळवणच्या बाजूला एका खेड्यात. सरांना गाडी चालवता येत नाही, म्हणून माझ्या गाडीतून निघालो. सर, वहिनी, मुलगी आणि मी. दिंडोरी गेली, वणी गेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं दिसायला लागली.

घरातले कर्ते म्हणजे मुलाचे आजोबा. सगळे त्यांना अण्णा म्हणत. एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर थोडी जमीन घेऊन विहीर खणली होती. पांढरा स्वच्छ पायजमा, डोक्यावर टोपी, ताठ माणूस. आम्ही ओट्यावर टेकलो तसे अण्णा स्वतः आत गेले आणि ताटलीत गुळाचे खडे, पितळी तांब्या आणि पेले घेऊन बाहेर आले. घरात सून होती, नातू होता, पण ताटली अण्णांच्याच हातात होती.

"घ्या साहेब. लांबून आलाय."

सरांनी गूळ घेतला. आटवलेला असतो ना! आणि मग पेल्यावर हात आडवा धरला.

"पाणी नको. आत्ताच पिऊन आलो. चहा घेईन ना मी, चहा!"

अण्णा तसेच उभे राहिले. वहिनींनी घाईघाईने हात पुढे करून पेला घेतला, मीही घेतला. पण अण्णा आमच्याकडे बघत नव्हते. थोड्या वेळाने "बरं" म्हणाले आणि तांब्या आत घेऊन गेले. पुढे चहा झाला, शेत बघून झालं, अण्णा फारसं बोलले नाहीत. सर मात्र खुशीत होते. गाडीत बसताना म्हणाले, "काय छान माणसं आहेत! चहाला आलं मस्त होतं."

वणीपर्यंत वहिनी खिडकीबाहेर कांद्याची रोपं बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी शेवटी हसण्यावारी नेलं. सगळ्यांनी का न्यावं?" सरांना काहीच कळलं नाही.

दोन दिवसांनी मुलगी प्रयोगशाळेत आली. डोळे सुजलेले. सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते.

"बाबा, अण्णा नको म्हणताहेत."

"कशाला?"

"लग्नाला. म्हणाले, ज्याला आपल्या हातचं पानी चालत नाय, त्याची पोर आपल्याला कशाला?"

सर ताडकन उभे राहिले. "अरे, पण मी कोणाच्याच घरी पीत नाही! तुझ्या सख्ख्या मामाकडे पीत नाही! आत्ता फोन करून सांगतो."

"काय सांगणार?" मुलगी म्हणाली. "बाबा, अण्णा लहान होते तेव्हा त्यांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. कोणी तरी वरून ओतायचं आणि हे खाली ओंजळ धरायचे. नोकरीत गेले तरी त्यांच्या हातचं कोणी घ्यायचं नाही. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, की तुझ्या जातीमुळे नको. म्हणायचे, आज उपास आहे. म्हणायचे, आत्ताच पिऊन आलो."

सर खाली बसले. समोरची काचपट्टी उचलली आणि परत तिथेच ठेवली. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं बघितलं होतं, हटून बसलेलं बघितलं होतं, असं कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्यांचं वाटलं आणि त्या ओट्यावर उभ्या राहिलेल्या अण्णांचं त्याहून जास्त वाटलं.

"तो काय म्हणतो?" सरांनी शेवटी विचारलं.

"तो म्हणतो, अण्णांना समजावू. पण त्यांचं मन मोडून तो लग्न करणार नाही. आणि मीही करू देणार नाही."

सर बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत होते. मग एकदम चेहरा उजळला. "असं करू. त्यांच्या विहिरीचं सॅम्पल आणू. दोन दिवसांत रिपोर्ट येईल. चांगला आला की मी स्वतः जातो आणि तांब्याभर..."

"सर!" मी ओरडले. सरांवर मी आयुष्यात एकदाच ओरडले ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर खाली माझ्या गाडीपाशी येऊन उभे राहिले. हात रिकामे. बाटली नव्हती. त्या माणसाला बाटलीशिवाय बघून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दोघंच निघालो. दिंडोरी सोडल्यावर म्हणाले, "विहिरीला कठडा होता का गं? बघितलास?"

"नाही सर, लक्ष नव्हतं," मी म्हटलं. लक्ष होतं. कठडा एका बाजूने पडलेला होता आणि पलीकडे दोन म्हशी बांधलेल्या होत्या.

अण्णा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. "या," म्हणाले. आम्ही बसलो. कांद्याच्या भावाची चौकशी झाली, थंडीची झाली. अण्णांनी आत वळून सुनेला हाक मारली, "चहा टाक गं." पाण्याचं नाव नाही. एकदा नाकारलेलं पाणी ते परत पुढे करणार नव्हते. सर घसा खाकरत होते, टोपी नसलेल्या डोक्यावरून हात फिरवत होते. अख्ख्या जन्मात त्यांनी दुसऱ्याच्या घरी जे मागितलं नव्हतं, ते आता मागायची वेळ आली होती.

"अण्णा, पाणी मिळेल का?"

"चहा टाकलाय."

"चहा नंतर. आधी पाणी."

सून लगबगीने आत वळली. अण्णांनी तिला हाताने थांबवलं. स्वतः उठले, बादली आणि दोर घेऊन विहिरीकडे गेले, पाणी शेंदलं आणि तांब्या भरून आणला. मला वाटलं, सन्मानाने ताजं पाणी आणलं. मी म्हशींकडे बघितलं आणि मग बघायचं सोडून दिलं. सरांनी पेला तोंडाला लावला. मूल एरंडेल घेतं तसे डोळे घट्ट मिटले आणि सगळं प्यायले. पेला पुढे केला आणि म्हणाले, "अजून." दुसराही प्यायले.

मग ते बोलायला लागले. बोलणं त्यांना कधीच धड जमलं नाही. "मी मूर्ख माणूस आहे. मी कोणाकडेच पाणी घेत नाही, सासुरवाडीलासुद्धा घेतलेलं नाही. पण तुमच्या दारात त्याचा अर्थ काय होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला पाहिजे होतं. माफ करा."

अण्णा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "चहा घ्या," एवढंच म्हणाले. आम्ही चहा घेतला आणि तसेच परत आलो.

त्या रात्रीपासून सरांना जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. मी त्यांना बघायला गेले तर माणूस निम्मा झाला होता. डॉक्टर घरी येऊन सलाइन लावून गेले होते. त्यांना सरांनी सांगितलं होतं, की पंचवटीत पाणीपुरी खाल्ली. डॉक्टर सरांना ओळखत होते. त्यांनी मान डोलावली आणि त्यातल्या एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही.

"त्या पाण्याचं सॅम्पल घेतलंस का?" सरांनी मला हळूच विचारलं.

"नाही."

"बरं केलंस. घ्यायचंच नाही. आणि पोरीला कळता कामा नये. ती त्याला सांगेल, तो घरी सांगेल. पाणीपुरीच सांगायचं." आयुष्यभर एकाही रिपोर्टात खोटं न लिहिलेला माणूस उशीला टेकून मला खोटं पढवत होता.

पण मुलीने मुलाला एवढं सांगितलंच, की बाबा आजारी आहेत. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे होते, तेव्हा बेल वाजली. वहिनींनी दार उघडलं तर अण्णा. एसटीने आले होते. हातात पाच लिटरचा कॅन.

अण्णा पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसले. वहिनींनी लगेच पाण्याचा ग्लास आणून दिला. अण्णांनी तो घेतला आणि समोरच्या तिपाईवर ठेवला. प्यायले नाहीत. आम्ही तिघांनी ते बघितलं.

"काय झालं साहेब?"

"पाणीपुरी," सर क्षीण आवाजात म्हणाले. "पंचवटीतली."

"हां. बाहेरचं पानी लय वाईट. म्हनून घरचं आनलंय." अण्णांनी कॅन उचलून पुढे केला. "आजारपनात घरचंच प्यावं."

सरांनी कॅनकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. सरांनी सलाइनच्या सुईचा हात सावरत दुसरा हात पुढे केला. तो त्यांनी मागे घेतला नाही, हे मी शपथेवर सांगीन.

"थांबा, मी जरा कोमट करून देते," वहिनी म्हणाल्या आणि कॅन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आतून पातेल्यावरचं झाकण थडथड वाजायला लागलं. मी मोठमोठ्याने थंडीबद्दल बोलायला लागले.

वहिनी पेला घेऊन आल्या, तेव्हा त्यातून वाफा निघत होत्या.

"उकळलं का?" अण्णांनी विचारलं.

वहिनी पेल्यावरची वाफ फुंकायला लागल्या.

"गरज नव्हती, ताई. ते उकळलेलंच हाय. आमच्या घरी उकळल्याबिगर कोनी पीत नाय. एसटीत व्हतो तवा मला कावीळ झाली व्हती. तवापासून मी कुठं बी गेलो तरी घरचं उकळलेलं पानी संगं नेतो."

सर उशीवरून उठून बसले. "मग त्या दिवशी...?"

अण्णांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

"पहिल्या दिशी तुमाला दिलं ते उकळून गार केलेलं व्हतं. पाव्हन्यासाठी म्हनून सकाळीच करून ठेवलं व्हतं. तुमी पुन्हा आले, तवा सून तेच आनाया चालली व्हती. म्या तिला थांबवलं अन् हिरीचं तसंच आनून दिलं. मुद्दाम. मला बघायचं व्हतं, खरंच पिताय का नुसतं तोंड लावताय." त्यांनी गुडघ्यावरची टोपी नीट केली. "तुमी असं पडाल ह्याचा इचार नाय केला. चुकलं माझं."

वहिनींनी हातातला पेला तिपाईवर आदळला. ह्या बाईचा राग मला ठाऊक होता, मी जरा मागे सरकले. पण त्याआधीच पलंगावरून आवाज आला. सर हसत होते. पोट दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, सलाइनची नळी हलेपर्यंत हसत होते.

"मग अण्णा," हसू आवरत त्यांनी विचारलं, "तपासणीचा रिपोर्ट काय?"

अण्णांनी तिपाईवरचा ग्लास उचलला. वहिनींनी दिलेलं ते नळाचं पाणी एका दमात तळापर्यंत प्यायले आणि ग्लास खाली ठेवून तोंड पुसलं.

"पोरीला बोलवा," ते वहिनींना म्हणाले. "तारीख काढू."